जॅकहॅमर, ब्रेकर, ग्राइंडर: नव्यानं कामाला लागलेल्यांनी हात कसे जपावेत

विदर्भात गिट्टी खदानीत जॅकहॅमरवर, विहिरीच्या कामात ब्रेकरवर, खाणीच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर किंवा वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत ग्रास कटरवर तुम्ही नुकतेच लागला असाल, तर पहिल्याच दिवशी सुट्टी झाल्यावर हाताला मुंग्या आल्या असतील. सोबतच्या जुन्या माणसानं सांगितलंही असेल, "होते सवय, चार दिवसांत." मुंग्यांकडे लक्ष न देण्याची सवय खरंच होते. आत नसांचं जे व्हायचं ते मात्र होतच राहतं, आणि कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो. म्हणून हे सगळं पहिल्या महिन्यातच वाचून घ्या.

डंपर किंवा पोकलेन चालवणाऱ्याच्या कमरेला बसणारे हादरे हा वेगळा विषय आहे. इथे फक्त हाताबद्दल लिहिलं आहे.

हातात नेमकं काय बिघडतं

कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या ड्रिलमधला पिस्टन रॉडवर मिनिटाला हजाराहून जास्त ठोके मारतो. त्यानं दगड फुटतो, पण त्याच ठोक्यांचा हादरा मुठीतून बोटांत, मनगटात आणि कोपरापर्यंत चढतो. असं महिनोन्‌महिने चाललं की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. थंडी लागली की त्या एकदम आवळतात, बोट टोकाकडून पांढरं पडतं, आणि रक्त परत आलं की लाल होऊन ठणकतं. दुसरीकडे स्पर्श कळवणारे मज्जातंतू मार खातात. मग मुंग्या, बधिरपणा, बारीक वस्तू चिमटीत न धरता येणं असे त्रास सुरू होतात. मुठीची ताकद जाते, मनगट आणि कोपर दुखायला लागतात. डॉक्टर या सगळ्याला मिळून हँड-आर्म व्हायब्रेशन सिंड्रोम म्हणतात.

हा आजार नवा नाही. १९११ साली इटलीत जिओव्हानी लोरिगा यांनी हवेवर चालणारी अवजारं वापरणाऱ्या खाणकामगारांच्या हातांत तो नोंदवला. १९१८ साली अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडी पट्ट्यात डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी दगड घडवणाऱ्यांचे हात तपासले. थंडीच्या सकाळी त्यांची बोटं पांढरी पडत, आणि छिन्नी धरणारा डावा हात जास्त खराब झालेला असे. ब्रिटनमधले कोळसा खाणकामगार कोर्टात गेले, १९९८ साली अपील कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला, आणि पुढे लाखाहून जास्त माजी कामगारांनी भरपाईचे दावे केले. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळ हे माहीत आहे. घुग्घुस, वणी, उमरेडच्या कोळसा पट्ट्यात, कोरपना-राजुऱ्याच्या चुनखडीत किंवा भंडाऱ्याच्या मँगनीजच्या खाणीत नवीन लागणाऱ्या पोराला ते कुणी सांगत नसेल, तर मला ते फार चुकीचं वाटतं.

आता आपल्या भागापुरती सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पुस्तकांत या आजाराची ओळख "पांढरं बोट" अशी दिलेली असते, कारण ती थंड देशांत लिहिली गेली. ब्रह्मपुरी-चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. उष्ण भागात काम करणाऱ्यांची बोटं पांढरी पडण्याचं प्रमाण कमी दिसतं. बधिरपणा, मुंग्या आणि पकड सुटणं हे त्रास मात्र होतातच. त्यात आपल्या सावळ्या कातडीवर फिकेपणा चटकन दिसतही नाही. त्यामुळे "बोट तर पांढरं झालं नाही, मग काही नाही" असा निष्कर्ष कामगारही काढतो आणि कधी कधी डॉक्टरही. तुम्ही पांढऱ्या बोटाची वाट पाहू नका. सुट्टी होऊन अर्धा-एक तास झाला तरी मुंग्या जात नाहीत, रात्री हात सुन्न पडून झोपमोड होते, शर्टाचं वरचं बटण लावायला वेळ लागतो, हातातून गिलास सटकतो, हीच आपल्याकडची पहिली खूण समजा. अनेकदा ती तुमच्या आधी घरच्यांच्या लक्षात येते. तेव्हा हा लेख घरीही वाचून दाखवा.

पहिला आठवडा: हात आज कसा आहे ते लिहून ठेवा

कामाला लागताना हात चांगला होता, हे पुढे सिद्ध करायला तुमच्याकडे दुसरं काहीही नसेल. एक साधी वही घ्या, किंवा मोबाइलमध्ये नोंद ठेवा. तारीख, कोणतं यंत्र आणि याआधी कुठे कोणतं यंत्र किती वर्षं चालवलं ते लिहा. बोट मोडलं होतं का, साखर आहे का, लहानपणापासून थंडीत बोटं निळी-पांढरी पडतात का, हेही लिहा. काहींची बोटं कुठलंही यंत्र न चालवता थंडीत पांढरी पडतात. अशा माणसानं भरतीच्या वैद्यकीय तपासणीत हे लपवू नये. नोकरी जाईल ही भीती मला समजते. पण जॅकहॅमरऐवजी दुसरं काम मागायचं असेल तर ते सुरुवातीलाच मागता येतं.

मग घरच्या घरी करायची एक चाचणी. सुट्टीच्या दिवशी सकाळी, हात गरम असताना, डोळे मिटून बसा. घरातल्या कुणाला तरी कापसाचा बारीक पेळू प्रत्येक बोटाच्या टोकाला हलकेच लावायला सांगा आणि कोणतं बोट ते ओळखा. नंतर डोळे मिटूनच एक आणि दोन रुपयांची नाणी नुसत्या बोटांनी ओळखून वेगळी करा. शेवटी सुईत दोरा ओवा. दर महिन्याला हेच करा आणि निकाल वहीत मांडा. ही डॉक्टरी तपासणी नव्हे, पण एखाद्या बोटाला पेळू कळेनासा झाला तर तो महिना तुमच्या वहीत नोंदलेला असेल.

खाणीत लागणाऱ्यांना व्हीटीसीमध्ये, म्हणजे खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात, सुरक्षेचं ट्रेनिंग होतं. तिथे धूळ, छत, गॅस, ब्लास्टिंग हे सगळं शिकवतात. हात वर करून विचारा: "या मशिनचं कंपन किती, आणि एका पाळीत एका माणसानं ती किती वेळ चालवायची?" उत्तर मिळालं नाही तरी प्रश्न विचारला जायला हवा.

यंत्र हातात घेण्याआधी

बोथट बिट, म्हणजे रॉडच्या पुढचं दगड फोडणारं टोक, हा हाताचा पहिला शत्रू. बिट बोथट असली की यंत्र दगडावर नुसतं नाचतं. हादरा वाढतो, भोक पडायला वेळ जास्त लागतो, म्हणजे नुकसान दोन्ही बाजूंनी. रॉड वाकलेला नाही ना, शँक (रॉडचा यंत्रात बसणारा भाग) सैल बसत नाही ना, हँडलचं रबर किंवा स्प्रिंग शाबूत आहे ना, हे रोज पाहा. ग्राइंडरची चकती एका बाजूनं झिजली असेल किंवा डगमगत फिरत असेल तर बदला. ग्रास कटरमध्ये इंजिन आणि दांड्याच्या मधल्या रबराला तडे जातात आणि धुऱ्यावरच्या दगडाला लागून पातं वाकतं. रबर शे-दोनशे रुपयांसाठी महिनोन्‌महिने बदललं जात नाही, हे पाहून वाईट वाटतं. बागेच्या मालकांनो, हे तुमच्यासाठीही आहे.

नवीन यंत्र विकत घ्यायचं असेल तर दुकानदाराला पुस्तिकेतला कंपनाचा आकडा दाखवायला सांगा. तो मीटर प्रति सेकंद वर्ग या मापात छापलेला असतो. एकसारख्या दोन यंत्रांत ज्याचा आकडा कमी ते घ्या. प्रत्यक्ष कामावर हादरा छापलेल्या आकड्याहून जास्त निघू शकतो, पण तुलना करायला तो उपयोगी पडतो.

मोठे दगड फोडायला पोकलेनला लावलेला ब्रेकर मिळत असेल, तर हातातला ब्रेकर चालवू नये. ड्रिल पेलायला एअर-लेग (हवेवर चालणारा टेकूचा पाय) किंवा स्टँड असेल तर तो कोपऱ्यात पडू देऊ नका. लावायला दहा मिनिटं जातात म्हणून लोक तो टाळतात, आणि मग पूर्ण पाळी यंत्राचं वजन आणि हादरा अंगावर घेतात.

पकड

नवीन माणूस घाबरून यंत्र घट्ट आवळतो आणि वरून अंगाचा भार टाकतो. मूठ जितकी घट्ट, तितका हादरा हातात जास्त शिरतो. यंत्र ताब्यात राहील एवढीच पकड ठेवा. ठोका यंत्रानं मारायचा असतो, तुम्ही त्याला फक्त दिशा द्यायची. मनगट सरळ ठेवा. बिट दगडात अडकली तर हिसके देत ट्रिगर दाबून ठेवू नका, हवा बंद करून मग काढा. चालू यंत्र नुसतं हातात धरून उभं राहू नका.

भोक सुरू करताना हेल्पर हातानं रॉड धरतो, ही पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. तो हात थेट रॉडवर असल्यानं ड्रिलरपेक्षाही जास्त हादरा खातो. बोट चिरडण्याचा धोका वेगळाच. आधी सब्बल-छिन्नीनं दगडात छोटा खळगा करा आणि त्यात बिट टेकवून हळू सुरुवात करा, म्हणजे रॉड धरावा लागणार नाही. सैल झालेला भाग तळहातानं ठोकून बसवण्याची सवयही सोडा. करंगळीच्या खालच्या तळहातात रक्तवाहिनी वरवर असते आणि अशा ठोक्यांनी ती बंद पडू शकते.

वेळेचा हिशेब

हा भाग थोडा गणिताचा आहे, पण सगळ्यात कामाचा आहे. ब्रिटनमध्ये गुण मोजण्याची सोपी पद्धत वापरतात. यंत्राच्या कंपनाचा आकडा त्याच आकड्यानं गुणायचा आणि त्याची दुप्पट करायची. आलेली संख्या म्हणजे एक तास यंत्र चालवल्याचे गुण. दिवसभरात १०० गुण झाले की मालकानं कंपन कमी करायचे उपाय सुरू करायला हवेत. ४०० झाले की त्या माणसानं त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही.

साधारण ब्रेकरचा आकडा १२ धरला तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४, त्याची दुप्पट २८८. म्हणजे २१ मिनिटांत १०० गुण आणि सुमारे १ तास २३ मिनिटांत ४००. खराब झालेला ब्रेकर २० पर्यंत जातो. त्याचे तासाला ८०० गुण होतात, म्हणजे अर्ध्या तासात दिवस संपला. ग्राइंडर ८ चा असेल तर तासाला १२८ गुण, म्हणजे ४०० व्हायला ३ तासांच्या थोडं वर. चेनसॉ ६ ची असेल तर तासाला ७२. बरा ग्रास कटर ४ चा, तासाला ३२. कंपन दुप्पट झालं की चालवायचा वेळ निम्मा नाही, चौथाई होतो, हे यातून ध्यानात येईल. बिट आणि रबर बदलायला मी एवढं का सांगतो, तेही कळेल.

वेळ मोजताना यंत्र प्रत्यक्ष चालू असतानाचाच वेळ धरायचा. आठ तासांच्या पाळीत रॉड बदलणं, कॉम्प्रेसरला डिझेल घालणं, जागा बदलणं यात बराच वेळ जातो. एक दिवस सोबत्याला मोबाइलवर वेळ लावायला सांगा, म्हणजे खरा आकडा मिळेल. हे आकडे युरोपातल्या नियमांवर बेतलेले आहेत, पण हात तर सगळीकडे सारखेच. आणि ४०० च्या आत राहिलं म्हणजे धोका शून्य, असंही नाही.

आता खरी अडचण. खदानीत मजुरी अनेकदा फुटावर किंवा ब्रासवर असते, आणि विहिरीच्या टोळीलाही कामावरच पैसे. तासाला दहा मिनिटं थांबा म्हणणारा माणूस अशा टोळीला शत्रूच वाटेल. म्हणून थांबण्यापेक्षा आलटून-पालटून काम करण्याचा आग्रह धरा. दोघांची जोडी करा. वीस मिनिटं एकानं यंत्र चालवायचं, दुसऱ्यानं मलबा काढायचा, रॉड आणायचे, पाणी सोडायचं, मग अदलाबदल. मजुरी टोळीत वाटून घ्यायची. टोळीतला सगळ्यात तगडा गडी दिवसभर ब्रेकरवर आणि बाकीचे मलब्यावर, ही जुनी वाटणी त्या गड्याचे हात चाळिशीच्या आत खाऊन टाकू शकते. हे मुकादमाला नीट समजावून सांगा. टोळीतला एक चांगला माणूस कायमचा जाण्यापेक्षा चारजण शिकलेले असणं त्याच्याही फायद्याचं आहे.

थंडी, पाणी आणि खर्रा

विदर्भाला उन्हाळ्याचा प्रदेश म्हणत असले तरी २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पहिल्या पाळीला पहाटे मोटरसायकलनं जाणाऱ्याचे हात कामावर पोहोचेपर्यंतच गार पडलेले असतात, त्यात हँडलचा हादरा वेगळा. थंडीच्या दिवसांत गाडीवर हातमोजे घाला. अंगात गरम कपडा आणि डोक्याला रुमालही हवा, कारण अंग गार पडलं की बोटांचं रक्त आधी आटतं. हात चोळून गरम झाल्यावरच यंत्र सुरू करा.

हवेच्या यंत्रातून बाहेर पडणारी हवा गार असते. तिचं तोंड हाताकडे असेल तर फिरवून घ्या. ड्रिलिंगचं पाणीही हात गार करतं, पण म्हणून पाणी कधीही बंद करू नका. पाणी बंद केलं की दगडाची धूळ फुप्फुसात जाते आणि सिलिकोसिस होतो, ज्यावर इलाज नाही. पाणी चालू ठेवा, हातात पाणी न शिरणारे मोजे घाला आणि ओले झालेले मोजे बदलण्यासाठी एक जोडी जवळ ठेवा.

बाजारात कंपनरोधक म्हणून महाग हातमोजे मिळतात. जॅकहॅमर आणि ब्रेकरच्या जड, संथ ठोक्यांवर त्यांचा उपयोग फारच थोडा होतो. मोजे घाला, पण ऊब मिळावी आणि कातडी वाचावी म्हणून. मोजे आहेत म्हणून जास्त वेळ यंत्र चालवू नका.

आणि खर्रा. आपल्याकडे कामाच्या जागी खर्रा घोटला जातो आणि बोटांनीच वाटला जातो. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं, मग ती बिडीतून येवो की खर्ऱ्यातून. जी बोटं हादऱ्यानं आधीच रक्ताला मुकतात, त्यांना हा दुहेरी मार आहे. तोंडाच्या कॅन्सरची भीती घालून लोक थकले. ज्याला रात्री हात सुन्न पडतो त्याला हे कारण कदाचित जास्त पटेल.

बधिर हाताचा आणखी एक धोका घरी असतो. शेकोटीवर हात धरला किंवा बादलीतल्या कढत पाण्यात घातला तर भाजल्याचं कळत नाही. पाणी कोपरानं तपासा आणि शेकोटीपासून हात लांब ठेवा.

मुंग्या जात नसतील तर

दोन-तीन आठवडे त्रास टिकला तर डॉक्टरकडे जा. गावातल्या इंजेक्शनवर आणि मालिशवर वेळ घालवू नका, कारण मार खाल्लेला मज्जातंतू मालिशनं दुरुस्त होत नाही. रक्तवाहिन्यांचा त्रास लवकर काम थांबवलं तर बराचसा कमी होऊ शकतो. मज्जातंतूंचा बधिरपणा मात्र एकदा पक्का झाला की बहुधा राहतोच. म्हणून इथे घाई हवी.

डॉक्टरला आपणहून सांगा: "मी अमुक यंत्र इतकी वर्षं चालवतो." नुसतं "हात दुखतो" म्हटलं तर गोळी मिळेल आणि मूळ कारण कागदावर येणारच नाही. सोबत ती वही न्या. बोट पांढरं पडत असेल तर त्याच क्षणी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत रंग परतलेला असतो.

बधिरपणाची दुसरी कारणंही तपासली गेली पाहिजेत. आपल्या भागात सगळ्यात आधी कुष्ठरोग नाही ना, ते पाहावं. वरोऱ्याला, कोळसा पट्ट्याच्या अगदी मध्यात, बाबा आमटेंनी १९४९ साली आनंदवन उभं केलं, ते इथे हा रोग होता म्हणूनच, आणि तो अजून संपलेला नाही. अंगावर न दुखणारा, संवेदना नसलेला चट्टा असेल किंवा कोपराच्या आतली नस जाड लागत असेल, तर आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. त्याशिवाय साखर, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता आणि मानेचा मणका हेही पाहायला हवं. सिकलसेल असेल तर ते सांगाच, कारण थंडी आणि अतिश्रम दोन्हींनी त्याची कळ येते. ब्लड प्रेशरसाठी प्रोप्रॅनोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल तर तेही सांगा, कारण या गोळ्यांनी बोटं जास्त गार पडू शकतात. गोळी मात्र मनानं बंद करू नका.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री सुन्न पडत असेल तर मनगटात नस दाबली गेली असू शकते. या त्रासाला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. लवकर कळलं तर पट्ट्यानं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं ती सुटते. नसांचा वेग मोजणारी तपासणी मोठ्या रुग्णालयांत होते. नागपूरचं मेडिकल, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, चंद्रपूर आणि यवतमाळची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं, यांपैकी जे जवळ असेल तिथे चौकशी करा.

कागद

प्रत्येक चिठ्ठी आणि रिपोर्ट जपा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरच्यांना पाठवून ठेवा. केस पेपरवर डॉक्टरांना तुमचं काम आणि यंत्राचं नाव लिहायला सांगा. हजेरी कार्ड, गेटपास, पगाराची पावती, बँकेची नोंद, यांतलं जे मिळेल ते ठेवा. ठेकेदार बदलला की जुना पुरावा तुमच्याशिवाय कुणाकडे नसतो. खाणीत ठरावीक मुदतीनं होणाऱ्या वैद्यकीय तपासणीत हाताची तक्रार तोंडी सांगून थांबू नका, ती लिहून घ्यायला लावा आणि प्रत मागा. वर्कशॉप किंवा कारखान्यात पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर कार्ड घेऊन त्यांच्याच दवाखान्यात नोंद करा.

त्रास असल्याचं व्यवस्थापनाला तारखेसह लेखी द्या आणि पोचपावती घ्या. मजकूर चार ओळींचा पुरे: नाव, काम, यंत्र, कधीपासून त्रास, आणि यंत्र नसलेल्या कामावर बदली मिळावी ही विनंती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कंपनानं होणारे सांधे, स्नायू, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचे आजार स्पष्ट नोंदलेले आहेत. युनियनच्या माणसाशी किंवा वकिलाशी भरपाईबद्दल बोलताना हा मुद्दा पुढे ठेवा. खाणीतल्या धोक्याबद्दल कुणी ऐकत नसेल तर खाण सुरक्षा महानिदेशालयाचं कार्यालय नागपुरातही आहे. तिथे एकट्यानं जाण्यापेक्षा टोळीतल्या चार-पाच जणांच्या सह्यांचा अर्ज घेऊन जा, आणि सोबत त्या त्या माणसाच्या वहीतल्या नोंदींची झेरॉक्स जोडा.